भट्टीच्या पोटातला ट्रान्सफॉर्मर

वेलांटीरावांनी तो प्रश्न विचारला नसता, तर सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सगळं प्रकरण मिटलं असतं. वीज खात्याचे इन्स्पेक्टर भट्टी बघून झाले होते. अर्थची वायर त्यांनी बोटाने ओढून पाहिली होती, मेन स्विच दोनदा खाली-वर केला होता आणि दोन्ही वेळा "हं" म्हणाले होते. मग त्यांनी पेनचं टोपण काढलं. नुसतं काढलं नाही, पेनच्या मागच्या टोकाला बसवलं. सरकारी माणसाने टोपण मागे बसवलं की सही होणार हे नक्की. हातात धरलं तर अजून आशंका असते.

आणि नेमक्या त्या क्षणी वेलांटीराव घसा खाकरून म्हणाले, "साहेब, आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगचं काय?"

इन्स्पेक्टरांचं पेन कागदापासून बोटभर अंतरावर थांबलं.

"आतल्या म्हणजे?"

"भट्टीच्या पोटात एक छोटा ट्रान्सफॉर्मर आहे. तापमान दाखवणाऱ्या यंत्रणेला कमी दाबाची वीज लागते, म्हणून. भट्टीच्या पेटीला अर्थ आहे, ते ठीक. पण त्या ट्रान्सफॉर्मरला स्वतःचा वेगळा अर्थ आहे का?" आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी पुढे केला. "नियमावली, पान दोनशे अकरा."

इन्स्पेक्टरांनी कागद वाचला. टोपण पुन्हा पेनच्या पुढे बसलं. त्याचा "टक्" असा आवाज झाला. तो आवाज वेलांटीरावांच्या बायकोला पुढे आठ दिवस कानात येत होता.

वेलांटीराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका छापखान्यात मुद्रितशोधक होते, आणि एकदा एका लग्नपत्रिकेतल्या चुकीच्या वेलांटीपायी त्यांनी चालू यंत्र थांबवलं होतं. पत्रिका वेळेवर मिळाली नाही, लग्न मात्र वेळेवर झालं. तेव्हापासून छापखान्यात, मग इमारतीत आणि शेवटी सासुरवाडीतसुद्धा ते वेलांटीराव झाले. त्यांना याचं वाईट वाटत नसे. एखाद्याला 'ढेरपोटे' म्हणतात, एखाद्याला 'उधारे' म्हणतात. त्या मानाने वेलांटी ही शोभेची वस्तू आहे.

भट्टी बायकोची होती. टेलिफोन खात्यात तीस वर्षं लोकांचे नंबर जोडून दिल्यावर बाई मातीकाम शिकू लागल्या आणि दोन वर्षांत इतक्या पुढे गेल्या, की त्यांच्या शिक्षिकेने आपल्या प्रदर्शनात त्यांना एक अख्खं टेबल देऊ केलं. एक टेबल म्हणजे तीस भांडी. भांडी घडवून झाली होती. ती तळमजल्यावरच्या त्यांच्या सामानाच्या खोलीत फळ्यांवर ओळीने बसून भट्टीची वाट पाहत होती. प्रदर्शन पुढच्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या कार्डावर बाईंचं नाव 'सौ. अमुक' असं न छापता नुसतं त्यांचंच नाव छापलं जाणार होतं.

तर अशा परिस्थितीत वेलांटीरावांना प्रश्न पडला होता. त्यांचा हेतू अगदी शुद्ध होता. ग्रंथालयात वीज नियमावली दिसली, 'ट्रान्सफॉर्मरचे अर्थिंग' असं शीर्षक दिसलं, त्या एका पानाची त्यांनी झेरॉक्स काढून आणली. इन्स्पेक्टरांना कळावं की इथे वाचणारा माणूस राहतो, एवढंच त्यांना हवं होतं. ते म्हणतील, "वा! तुम्ही बराच अभ्यास केलेला दिसतो," आणि सही करतील, असं दृश्य त्यांनी आदल्या दिवशी दाढी करताना पाहिलं होतं.

"प्रत्येक ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूचे एक टोक स्वतंत्र अर्थशी जोडावे," इन्स्पेक्टरांनी मोठ्याने वाचलं. "स्वतंत्र म्हणजे वेगळा खड्डा. खड्डा करा, मग बोलवा."

"पण साहेब," बाई म्हणाल्या, "कारखान्यातून तपासून आलीय भट्टी. हे बघा, पत्रा लावलाय, प्रयोगशाळेचा शिक्का आहे."

"ते खरं, पण यांनी नियमच दाखवलाय ना," इन्स्पेक्टर जरा दुखावल्या सुरात म्हणाले. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यांना लोकांनी चहा दाखवला होता, ओळखी दाखवल्या होत्या, एकाने कुत्रासुद्धा दाखवला होता. नियम कुणी दाखवला नव्हता. अशा माणसाशी वाद घालायचा नाही एवढं त्यांना कळत होतं.

ते गेल्यावर बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग भट्टीची जोडणी करून दिलेल्या वायरमनकडे वळून म्हणाल्या, "यांना सांगा, मी वर जातेय."

वायरमन चार हातांवर उभा होता आणि वेलांटीराव दोन हातांवर. तरी वायरमनने निरोप पोचवला. "बाई वर चालल्यात."

"ऐकलं मी," वेलांटीराव म्हणाले.

पुढे चार दिवस नवराबायकोंमधला सगळा व्यवहार असा वायरमनमार्फत चालला. वायरमन नसेल तेव्हा बाई भिंतीला सांगत. "भिंतीबाई, आमटी गरम करून घ्यायला सांगा."

आता खड्डा. खड्डा म्हटल्यावर प्रश्न आला जागेचा आणि जागा म्हटल्यावर सेक्रेटरी आले. इमारतीचे सेक्रेटरी चौथ्या मजल्यावर राहत, त्यांचा उजवा गुडघा कामातून गेलेला होता, आणि इमारतीसमोरच्या हिरवळीच्या तुकड्यावर त्यांचा फार जीव होता. "खणा," ते म्हणाले, "पण हिरवळीला धक्का लागता कामा नये." हिरवळीला धक्का न लावता हिरवळीत आठ फूट खाली कसं जायचं हे त्यांनी सांगितलं नाही. सेक्रेटरींचं काम धोरण ठरवण्याचं असतं.

दुसऱ्या मजल्यावर रेडिओवाले आजोबा होते. त्यांनी चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले होते, आणि रेडिओ दुरुस्त करणं जगातून बंद झाल्यामुळे त्यांच्याकडे ज्ञान भरपूर शिल्लक होतं. ते खुर्ची घेऊन खड्ड्याच्या काठावरच येऊन बसले.

"मीठ किती घालणार?"

"एक पोतं," खड्ड्यातून वायरमन म्हणाला.

"दोन घाला. वर कोळसा. मग परत मीठ. थर द्यायचे थर! आणि रोज सकाळी एक बादली पाणी. अर्थ म्हणजे झाडासारखी असते, तहानली की मरते."

वेलांटीरावांनी हे वहीत लिहून घेतलं. 'अर्थ' शब्द इथे स्त्रीलिंगी चालेल का, अशी एक शंका त्यांनी समासात नोंदवली.

मंगळवारी पाच फुटांपर्यंत सगळं सुरळीत गेलं. बुधवारी सकाळी वायरमनची पहार कशावर तरी "ठण्ण" करून लागली. आजोबा म्हणाले, "दगड आहे, जोर लावा." वेलांटीराव म्हणाले, "जोर लावा." वायरमनने जोर लावला. दगडातून पाण्याचं कारंजं उडालं आणि आजोबांचा चष्मा वाहून गेला.

तळमजल्यावर, बरोबर भट्टीच्या खोलीला लागून, दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. कारंजं उडालं त्याच वेळी त्यांच्या खुर्चीतल्या एका बाईंना चूळ भरायची होती. नळाने एक उसासा टाकला आणि तो बंद पडला. डॉक्टरीणबाई हातात मोजे, तोंडावर मास्क अशा बाहेर आल्या आणि खड्ड्याच्या काठावरच्या तिघांकडे त्यांनी अशी नजर टाकली, की तिघांच्याही जिभा आपापल्या दाढा चाचपू लागल्या.

"पाणी कधी येईल?"

"एवढं ट्रान्सफॉर्मरचं झालं की लगेच," वेलांटीराव म्हणाले. या उत्तरात तर्क नव्हता, पण त्या नजरेसमोर त्यांना दुसरं काही सुचेना.

पाइप जोडला गेला. मिठाची दोन पोती, कोळशाची दोन पोती, तांब्याची पट्टी, सगळं खड्ड्यात गेलं. हिरवळीच्या जागी एक टेंगूळ उभं राहिलं. सेक्रेटरी गॅलरीतून ते रोज बघत आणि रोज आत जाऊन दार लावून घेत.

गुरुवारी सकाळी इन्स्पेक्टर दुसऱ्यांदा आले. त्यांनी टेंगूळ बघितलं, पट्टी बघितली, समाधानाने मान हलवली. "छान. आता ही पट्टी आतल्या ट्रान्सफॉर्मरला जोडा."

वायरमनने स्क्रूड्रायव्हर काढला, भट्टीच्या मागे गेला आणि तिथूनच म्हणाला, "साहेब, इथे लिहिलंय, 'हे झाकण उघडल्यास प्रमाणपत्र रद्द होईल.'"

इन्स्पेक्टरांनी स्वतः वाकून ते वाचलं.

"मग उघडू नका," इन्स्पेक्टर म्हणाले.

"मग जोडू कसं?"

"उघडून."

"उघडलं तर प्रमाणपत्र जाईल."

"मग नवीन प्रमाणपत्र घ्या."

"ते कुठे मिळतं?" वेलांटीरावांनी विचारलं.

"प्रयोगशाळेत. फक्त," इन्स्पेक्टर थोडं थांबले, कारण पुढचं वाक्य त्यांना स्वतःलाही पहिल्यांदाच ऐकू येत होतं, "फक्त न उघडलेल्या यंत्रालाच देतात."

बाई इतका वेळ कोपऱ्यात हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्या वायरमनला म्हणाल्या, "यांना विचारा, आता काय करायचं."

वेलांटीरावांच्या मानेपर्यंत रक्त चढलं. वायरमन, आजोबा, सेक्रेटरी, बायको, सगळे त्यांच्याकडे बघत होते. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. वेलांटीरावांनी तेव्हा त्यांच्या आयुष्यातली दुसरी मोठी चूक केली, पहिलीनंतर फक्त तीन दिवसांनी.

"हा काय न्याय झाला का?" ते कडाडले. "आमच्याच भट्टीला नियम? शेजारी दातांच्या खुर्चीत ट्रान्सफॉर्मर नाहीये? लिफ्टच्या पेटीत नाहीये? तिथे कुठेय खड्डा? त्यांना कुणी विचारलं?"

सेक्रेटरी हळूच म्हणाले, "अहो, लिफ्ट कशाला मध्ये?" पण उशीर झाला होता. इन्स्पेक्टर खरोखरच प्रामाणिक माणूस होते. प्रामाणिक माणसाला चुकीची दिशा दाखवली की तो जेवढं अंतर कापतो तेवढं लबाड माणूस कधीच कापत नाही.

"दाखवा," ते म्हणाले.

पाच मिनिटांत आधी भट्टीला आणि मग लिफ्टच्या दाराला लाखेचं सील लागलं. सेक्रेटरी खाली होते आणि त्यांचं घर चौथ्या मजल्यावर. आपला गुडघा दोन्ही हातांनी धरून ते जिन्याच्या पहिल्या पायरीकडे, समुद्र पोहून जायचा असल्यासारखे बघत राहिले.

मग सगळी वरात दवाखान्यात शिरली. खुर्चीत एक वयस्क गृहस्थ आडवे होते. दाढ बधिर करून, अर्धी पोखरून झाली होती. डॉक्टरीणबाईंच्या हातातलं यंत्र गुंगुं करत होतं.

"बंद करा," इन्स्पेक्टर म्हणाले. "खुर्चीला सील लावायचंय."

"आत्ता?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यांच्या दाढेला एवढं मोठं भोक आहे!"

"यांना उठवा. नियम आहे." आणि त्यांनी झेरॉक्स पुढे केली.

खुर्चीतल्या गृहस्थांनी तो कागद आडव्याआडव्याच घेतला, नाकाजवळ नेऊन वाचला आणि ते ताडकन उठून बसले. गळ्यातला कागदी रुमाल फडफडवत, बोटाने त्या पानावर टकटक करत ते ओरडले, "आगचं हान! आगचं हान हाहा!"

"आग?" आजोबा दचकले. "आग म्हणतायत! कुठाय आग?"

"आगचं!" गृहस्थ पुन्हा ओरडले. त्यांचा खालचा ओठ बधिरतेने एका बाजूला लोंबत होता. "आगचं हान! हाहा!"

"आणि हसतायत!" आजोबा म्हणाले. "धक्का बसलाय त्यांना. भट्टी! भट्टी पेटली वाटतं!"

त्यानंतरची तीन मिनिटं कुणालाच नीट आठवत नाहीत. वायरमनने मेन स्विच पाडला. आजोबांनी बादली उचलली आणि खड्ड्याला रोज घालायचं पाणी भट्टीच्या खोलीच्या दारात ओतलं. बाई दोन्ही हात पसरून आपल्या तीस भांड्यांपुढे उभ्या राहिल्या आणि "एक थेंब जरी इकडे आला तर बघा!" असं म्हणाल्या. सेक्रेटरी जिन्याच्या सातव्या पायरीवर होते. त्यांनी खाली यावं की वर जावं याचा निर्णय होईना, म्हणून ते तिथेच बसले. आग कुठेच नव्हती. भट्टी सोमवारपासून थंडगार होती, तो तर सगळा तंटा होता.

सगळे धापा टाकत परत आले तेव्हा त्या गृहस्थांनी दवाखान्याच्या टेबलावरचं औषधांच्या चिठ्ठ्यांचं पॅड ओढलं होतं. त्यांनी खसाखसा काहीतरी लिहिलं, चिठ्ठी फाडली आणि सर्वांत जवळ उभ्या असलेल्या वेलांटीरावांच्या हातात दिली.

वेलांटीरावांनी चिठ्ठी वाचली. कपाळाला आठी पडली. खिशातून लाल पेन निघालं. 'पहा'मधल्या 'प'ला त्यांनी एक काना जोडला, बाजूला समासात बारीक खूण केली आणि चिठ्ठी परत केली.

"पाहा," ते सौम्यपणे म्हणाले. "बरेच जण चुकतात."

गृहस्थांनी चिठ्ठीकडे पाहिलं. मग वेलांटीरावांकडे. मग छताकडे. त्यांनी ती चिठ्ठी वेलांटीरावांच्या शर्टाच्या खिशात कोंबली, गळ्यातला रुमाल ओढून काढला आणि गाल धरून ते निघून गेले. खुर्चीला सील लागलं.

त्या संध्याकाळी इमारतीत वेलांटीरावांशी बोलणारा एकही माणूस उरला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यावर पाटी लावली : 'शेजाऱ्यांमुळे बंद.' वेलांटीराव तिच्यासमोर थांबले. शुद्धलेखन अचूक होतं. काहीच करता येईना.

शुक्रवारी सकाळी बाई धुण्याचे कपडे काढताना शर्टांचे खिसे तपासत होत्या. त्यांनी चिठ्ठी उघडली, वाचली आणि तशाच बाहेर आल्या. वायरमन नव्हता. भिंत होती, पण बाई तिच्याकडे वळल्या नाहीत. चार दिवसांत पहिल्यांदा त्या नवऱ्याशी थेट बोलल्या.

"अहो, हे काय आहे?"

"ते होय? त्यांनी 'पहा' लिहिलं होतं. मी दुरुस्त केलं."

"मागचं पान पाहा," बाईंनी वाचलं.

"हो. आता बरोबर आहे."

"अहो, पण कुठलं पान?"

वेलांटीरावांनी तोंड उघडलं. तोंड उघडंच राहिलं. बाई त्या उघड्या तोंडासमोर चिठ्ठी धरून उभ्या होत्या, आणि 'आगचं हान हाहा' हे शब्द त्यांच्या डोक्यात एकेक करून आपल्या जागी जाऊन बसत होते.

"तुम्ही झेरॉक्स एका पानाची काढली होतीत का?"

"पान पूर्णविरामाने संपत होतं," वेलांटीराव पुटपुटले. तीस वर्षं त्यांनी पूर्णविरामावर आंधळा विश्वास टाकला होता.

ग्रंथालय उघडायच्या आधी दोघं दाराशी उभे होते. बाईंनी पुस्तक काढलं, दोनशे अकरा शोधलं आणि पान उलटलं. दोनशे बाराव्या पानाचा पहिला शब्द होता 'मात्र'.

"'मात्र, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने संपूर्ण यंत्र म्हणून तपासून प्रमाणित केलेल्या यंत्राच्या आतील ट्रान्सफॉर्मरला वरील नियम लागू होणार नाही,'" बाईंनी एका दमात वाचलं. "'अशा यंत्राच्या बाहेरील पेटीस, निर्मात्याने दाखवलेल्या जागी, अर्थची वायर जोडणे पुरेसे आहे.'" त्यांनी पुस्तक मिटलं. "पेटीला वायर होती. सोमवारीच होती. त्यांनी ओढून बघितली होती."

वेलांटीराव ग्रंथालयाच्या बाकावर बसले. मागच्या पानावर 'मात्र' बसलेला असताना पुढच्या पानाला पूर्णविराम देतात, ही मुद्रणकलेतली केवढी मोठी फसवणूक आहे यावर ते बोलणार होते, पण बायकोचा चेहरा बघून त्यांनी तो विषय पुढे ढकलला.

चिठ्ठी लिहिणारे गृहस्थ कोण, ते डॉक्टरीणबाईंकडून कळलं. ते वीज खात्यातले निवृत्त मोठे इंजिनिअर होते, आणि ती नियमावली ज्या समितीने केली तिच्यात होते. डॉक्टरीणबाईंनी हे दाराच्या फटीतून सांगितलं आणि फट बंद केली.

दुपारी दोघं इन्स्पेक्टरांच्या कचेरीत. इन्स्पेक्टरांनी पान दोनशे बारा वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांच्या टेबलामागच्या कपाटात हीच नियमावली होती, पण किल्ली रजेवर गेलेल्या कारकुनाकडे, आणि कारकुनाची रजा आणखी बारा दिवस. इन्स्पेक्टरांचे कान लाल झाले. क्षणभर त्यांच्यात आणि वेलांटीरावांमध्ये काही फरक उरला नाही. दोघेही एकाच पानावर अडकून पडलेले.

"हे आम्हाला माहीतच होतं," शेवटी इन्स्पेक्टर म्हणाले.

"मग सील?" बाईंनी विचारलं.

"खबरदारी म्हणून." ते खुर्चीत जरा पुढे सरकले. "सील काढता येईल. पण सील लागलं ते यांच्या प्रश्नावरून. तेव्हा यांनी आधी प्रश्न मागे घेतला पाहिजे. लेखी."

"प्रश्न मागे घ्यायचा?" वेलांटीराव म्हणाले. "त्याचा फॉर्म आहे?"

"नाही. साध्या कागदावर चालेल."

वेलांटीरावांनी साध्या कागदावर लिहिलं. 'मी दिनांक अमुक रोजी आपणांस विचारलेला प्रश्न संपूर्णपणे व बिनशर्त मागे घेत आहे. सदर प्रश्न पान न उलटता विचारला गेला होता.' सही केली. आजवर त्यांनी हजारो माणसांच्या चुका दाखवल्या होत्या, आपली एक लेखी मान्य करायला सगळी मिळून पाच ओळी लागल्या, आणि त्या लिहून झाल्यावर काही कोसळलं नाही. कचेरीतला पंखा तसाच फिरत राहिला.

सोमवारी आदेश तयार झाला. इन्स्पेक्टरांनी तो स्वतः टाइप केला होता आणि 'वाचून मान्य' अशा सहीसाठी वेलांटीरावांसमोर ठेवला. 'भट्टि, लीफ्ट व दातांची खुर्चि यांचे सिल काढन्यात यावे.' एका ओळीत पाच चुका. खालच्या ओळींत आणखी सहा. वेलांटीरावांचा हात आपोआप खिशाकडे गेला. लाल पेन अर्धं बाहेर आलं.

"चुका दाखवल्या तर परत टाइप करावं लागेल," इन्स्पेक्टर निर्विकारपणे म्हणाले. "आणि शेवटची सही मोठ्या साहेबांची, ते उद्यापासून दौऱ्यावर आहेत. गुरुवारी येतील."

बाई नवऱ्याच्या खिशाकडे बघत राहिल्या.

वेलांटीरावांनी डोळे मिटले, पेन आत ढकललं आणि टेबलावरचं सरकारी निळं पेन घेऊन 'सिल काढन्यात' या शब्दांच्या बरोबर खाली सही केली. घाम पुसला. बाहेर पडल्यावर पायरीवर ते पाच मिनिटं बसून राहिले. बाईंनी कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांना लिंबाचं सरबत आणून दिलं.

लिफ्ट सुरू झाली. सेक्रेटरी पहिल्याच फेरीत बसले आणि नुसतेच दोनदा वर-खाली करून आले. इंजिनिअर गृहस्थांची दाढ भरली गेली. खड्ड्याचं काय करायचं असं वायरमनने विचारलं तेव्हा आजोबा म्हणाले, "असू द्या, इतकी चांगली अर्थ झालीय." ते अजून रोज तिला एक बादली पाणी घालतात.

मंगळवारी सकाळी सात वाजता बाईंनी तीस भांडी भट्टीत रचली, दार लावलं आणि खटका दाबला. आत कुठेतरी ट्रान्सफॉर्मरने बारीक गुणगुण सुरू केली. वेलांटीरावांनी छापखान्यातून रजा घेतली होती. त्यांना एक वही मिळाली होती आणि दर अर्ध्या तासाने तापमान लिहायचं काम. ते त्यांनी इतक्या मन लावून चालवलं होतं, की पहिल्या पानाला त्यांनी शीर्षक, उपशीर्षक आणि समास आखला होता.

दोघं भट्टीपुढे स्टुलांवर बसले होते. बाईंनी हात पुसले आणि भट्टीकडे बघतच म्हणाल्या, "एक सांगू का?"

"सांग ना."

"त्या सोमवारी त्यांनी सही केली असती ना, तर मी त्याच दुपारी भट्टी लावणार होते."

"माहीत आहे." वेलांटीरावांनी मान खाली घातली. "माझ्यामुळे..."

"ऐका तर. सगळी फुटली असती. जाड बुडाची होती ती, वरून वाळल्यासारखी दिसत होती, पण आतून ओली होती. बुधवारी एक उचललं आणि गालाला लावून बघितलं. गारढोण! गार लागलं म्हणजे आत पाणी. असं भांडं भट्टीत ठेवलं की फटाक्यासारखं उडतं, आणि शेजारच्यांनाही घेऊन जातं. तीसच्या तीस गेली असती. या आठ दिवसांत नीट वाळली."

वेलांटीरावांनी बोटांवर दिवस मोजले.

"बुधवारी कळलं तुला?"

"बुधवारी."

"आणि आज मंगळवार आहे. पुढचा."

"हो."

"मग मला सांगितलं का नाहीस? इमारतीत कुणी माझं तोंड बघत नव्हतं! मी लेखी दिलं तिथे जाऊन! भिंतीशी बोलत होतीस तू!"

"का सांगू?" बाई म्हणाल्या. "तुम्ही मुद्दाम थोडंच केलं होतं?"

वेलांटीरावांच्या अंगात एकदम तरतरी आली. त्यांनी वही मिटली, ते उठून दाराशी गेले. बाहेर लिफ्टची वाट बघत सेक्रेटरी उभे होते, डॉक्टरीणबाई पाटी उतरवत होत्या, आजोबा बादली भरत होते. सगळा श्रोतृवर्ग आयता जमला होता. त्यांच्या एका प्रश्नाने तीस भांडी वाचली होती. हे सांगायला त्यांनी छातीभर श्वास घेतला.

"कुठे चाललात?" मागून बाई म्हणाल्या. "बाहेर एक शब्द बोललात, तर पुढच्या भट्टीच्या वेळी तुम्हालाच गालाला लावून बघीन."

वेलांटीरावांनी तो श्वास हळूहळू सोडला. दार पुढे ओढून घेतलं, परत येऊन स्टुलावर बसले आणि चष्मा वर करून भट्टीवरचा आकडा बघितला.

"साडेनऊ," ते म्हणाले. "एकशे दहा."

"लिहा," बाई म्हणाल्या, आणि आपलं स्टूल थोडं त्यांच्याजवळ सरकवलं.